थांबविण्याचा अधिकार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



"नवे ज्ञान आणि आपली तरुण पिढी" या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा विषय फार मोठा आणि वक्ता फार लहान, असे आमच्या मनात आले. आमचे शिक्षण मॅट्रिक व त्यापुढे अध्यापनाची पदविका, एवढेच. सारे आयुष्य शाळेत गणित व शास्त्र शिकविण्यात गेले. तथापि आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली सांप्रत यंत्रांच्या पोटातील संगणकांचे काम करितात. सुटीत ती घरी आली म्हणजे आम्ही त्यांस प्रश्न विचारितो, त्यांनी सुचविलेले वाचतो, आणि न समजलेले पुन्हा विचारितो. अशा रीतीने जे थोडे पदरात पडले, त्यातील एकच लहानशी क्रिया आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ती क्रिया म्हणजे चालता प्रोसेसर थांबविणे. ऐकावयास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु थांबविण्याचा हा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आज आपल्या कित्येक घरांतील मुलांच्या नोकरीशी आणि पुष्कळांच्या सुरक्षिततेशी येऊन भिडला आहे.

प्रथम मूळ वस्तूची ओळख करून घेऊ. आपल्या घरातील कपडे धुण्याचे यंत्र, विजेचा नवा मीटर, विजेवर चालणारी दुचाकी, रुग्णालयातील औषध सोडणारा पंप, या प्रत्येकात एक लहानसा संगणक दडलेला असतो. त्यास नेहमीच्या संगणकासारखा पडदा व कळफलक बहुधा नसतो. एकच नेमून दिलेले काम तो रात्रंदिवस करितो. अशा रचनेस एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. त्यातील प्रोसेसर किती वेगाने काम करितो, याचे एक उदाहरण देतो. बाजारात सर्वत्र मिळणारा एसटीएम३२एफ१०३ या नावाचा एक स्वस्त प्रोसेसर आहे. त्याच्या घड्याळाचे एका सेकंदात ७ कोटी २० लक्ष ठोके पडू शकतात, आणि त्या ठोक्यांच्या तालावर तो एकामागून एक आज्ञा पाळीत जातो. एवढ्या वेगाने चाललेल्या कामात कोठे चूक झाली, तर ती डोळ्यांनी कशी दिसावी?

या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वीच निघाली. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्यावर काम करणाऱ्यांस यंत्र थांबवून एकेक आज्ञा पुढे सरकविता येत असे व स्मृतीत काय आहे हे पाहता येत असे. परंतु तसे करण्यात यंत्राचा बहुमोल वेळ फुकट जाई. म्हणून स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसरा मार्ग वर्णिला. तो असा की, यंत्रानेच आपल्या कामाची नोंद छापीत जावे आणि माणसाने ती मागाहून स्वस्थपणे तपासावी. थांबवून पाहणे आणि चालू ठेवून नोंद घेणे, हे दोनच मार्ग आजही आहेत. साधने मात्र बदलली.

त्या साधनांचा थोडक्यात इतिहास असा. मंडलपट्टीवरील भाग इतके बारीक होत गेले की, त्यांच्या पायांस तपासणीची सुई टेकविणे अशक्य झाले. यावर उपाय काढण्यासाठी १९८५ च्या सुमारास काही कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी जेटॅग नावाचा गट स्थापिला, व १९९० साली त्यांची पद्धती प्रमाण म्हणून मान्य झाली. मूळ हेतू जोडणी तपासण्याचा; परंतु त्याच वाटेने प्रोसेसरच्या अंतर्भागात शिरता येते, हे ध्यानात आल्यावर दोष शोधण्यासाठी तिचा सर्रास उपयोग होऊ लागला. पुढे एआरएम कंपनीच्या प्रोसेसरांसाठी एसडब्ल्यूडी ही पद्धती निघाली, व तीत दोन तारांवरच काम भागू लागले. या तारांच्या एका टोकास प्रोसेसर, दुसऱ्या टोकास डीबग प्रोब नावाची लहानशी डबी, आणि पलीकडे आपला संगणक. त्या संगणकावर चालणारे ओपनओसीडी हे सर्वांस फुकट मिळणारे साधन जर्मनीत ऑग्सबर्ग येथील एका विद्यार्थ्याच्या २००५ सालच्या पदविका-प्रबंधातून जन्मास आले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मनात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष थांबविण्याची रीत पाहा. कॉर्टेक्स-एम कुळातील प्रोसेसरांत या कामासाठी एक खास रजिस्टर असते. त्यात थांबण्याची आज्ञा लिहावयाची, परंतु तिच्यासोबत ए०५एफ ही ठराविक खूणही लिहावी लागते. खूण नसेल तर प्रोसेसर त्या आज्ञेकडे लक्ष देत नाही. दस्तऐवजावर शिक्का नसेल तर कचेरी तो स्वीकारीत नाही, तसेच हे. दुसरी गोष्ट अशी की, आज्ञा लिहिली म्हणजे प्रोसेसर थांबलाच, असे मानावयाचे नसते. तो खरोखर थांबला किंवा नाही, हे त्याच रजिस्टरातील दुसरा अंश वाचून पाहावे लागते. वर्गात आम्ही "लेखण्या खाली ठेवा" असे सांगत असू, व नंतर मान वर करून लेखण्या खाली आहेत ना, हे पाहत असू. सांगणे निराळे आणि झाले हे पाहणे निराळे.

प्रोसेसर थांबला की त्या क्षणाचे सर्व काही उघडे पडते. तो कोणत्या आज्ञेवर होता, ती आज्ञा कोणाच्या सांगण्यावरून चालू झाली, हाताशी कोणते आकडे होते, हे सारे रजिस्टरांतून वाचता येते. प्रोसेसर मोठ्या दोषात सापडला तर त्या वाटेवर जाताना आठ आकडे स्मृतीत ठेवून जातो, आणि त्यांत दोष घडला तेव्हाचा पत्ताही असतो. शिवाय अमुक आज्ञेशी येताच थांब, असे आधी सांगून ठेविता येते. या थांब्यास ब्रेकपॉइंट म्हणतात. कॉर्टेक्स-एम३ मध्ये यंत्राच्या अंगभूत सोयीने असे सहा थांबे ठेविता येतात.

येथवरचे सर्व काम आजवर माणूस करीत आला. आता त्यात एआय एजंट आला आहे. एजंट या शब्दास आपल्या व्यवहारात चांगला जुना शब्द आहे: मुखत्यार. केवळ सल्ला देणारा तो सल्लागार. आपल्या वतीने प्रत्यक्ष कृती करणारा तो मुखत्यार. काही वर्षांपूर्वी ही कृत्रिम बुद्धी आपणांस उत्तरे लिहून देत असे, आणि कृती आपण करीत असू. आता तिच्या हाती हत्यारे दिली जातात. अशी हत्यारे जोडण्याची एक सर्वसामान्य पद्धती, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रोसेसर थांबव, रजिस्टर वाच, स्मृती वाच, एक पाऊल पुढे जा, पुन्हा चालू कर, नवा प्रोग्रॅम भर, अशी एकेक कृती म्हणजे एकेक हत्यार. आणि केव्हा कोणते उचलावे, हे एजंटच ठरवितो.

यातील लाभ मोठा आहे, व तो मोकळ्या मनाने सांगितला पाहिजे. ज्यास यंत्राच्या आत पाहता येत नाही, तो एजंट केवळ प्रोग्रॅमचा मजकूर वाचून तर्क करितो, आणि तर्क चुकीचा असला तरी तो आत्मविश्वासाने मांडतो. त्यास थांबवून पाहण्याची सोय दिली की तर्काच्या जागी पुरावा येतो. अमुक आकडा शून्य असावा असे "वाटणे" आणि तो शून्य आहे असे "दिसणे" यांत फार अंतर आहे. शिवाय शेकडो पानांची माहितीपत्रके तो क्षणात चाळतो, तीच तपासणी शंभर वेळा करूनही कंटाळत नाही, आणि प्रत्येक कृतीची नोंद ठेविता येते. जे शोधण्यास आपल्या मुलांच्या रात्री खर्ची पडत, ते कधी कधी तासाभरात सापडते.

परंतु बंधुभगिनींनो, प्रोसेसर थांबला म्हणजे जग थांबत नाही. आजच्या व्याख्यानातील मुख्य गोष्ट हीच होय. एजंटास पुढील पाऊल ठरविण्यास दहा सेकंद लागले, तर त्या अवधीत वर सांगितलेल्या प्रोसेसरचे ७२ कोटी ठोके वाया जातात. बाहेरची मोटर मात्र फिरतच असते, पाणी वाहतच असते, दुसऱ्या टोकाचे यंत्र उत्तराची वाट पाहत असते. ब्लूटूथ लो एनर्जीने जोडलेल्या दोन यंत्रांत एकाचा आवाज ठराविक मुदतीत आला नाही तर दुसरे संबंध तोडते, आणि ही मुदत कमाल ३२ सेकंदच असू शकते. वॉचडॉग नावाची एक राखण असते. प्रोसेसरने नियमाने हजेरी दिली नाही तर ती त्यास पुन्हा मुळापासून सुरू करिते. थांबविताना ही राखणही थोपविण्याची तजवीज केली नसेल, तर आपण पाहत असतानाच पुरावा पुसला जातो. काही रजिस्टरे तर अशी असतात की, ती वाचली म्हणजेच बदलतात. बाहेरून आलेले अक्षर तपासणाऱ्याने वाचले की ते आल्याची खूण नाहीशी होते, आणि मूळ प्रोग्रॅम त्या अक्षराची वाटच पाहत बसतो.

आणखी एक हिशेब गणिताच्या शिक्षकास सुचला तो सांगतो. वर उल्लेखिलेल्या प्रोसेसरच्या कायम स्मृतीची हमी १०,००० वेळा पुसून लिहिण्याची आहे. माणूस दिवसातून वीस-पंचवीस वेळा प्रोग्रॅम भरील. एजंट मिनिटास एकदा या वेगाने रात्री आठ तास चालला तर ४८० वेळा भरील, आणि एकविसाव्या रात्री ती हमी संपेल. न कंटाळणे हा गुण खराच. परंतु ज्यास कंटाळा नाही त्यास थांब केव्हा, हे दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते.

काही दोष तर थांबवून पाहण्याच्या पलीकडचे असतात. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्यावरील संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला व त्या दिवसाचे उरलेले काम पुढे ढकलावे लागू लागले. तंत्रज्ञांनी पृथ्वीवर ठेवलेल्या त्याच्या प्रतिकृतीवर कामाची नोंद घेण्याची सोय चालू केली आणि तोच दोष पुन्हा घडवून आणिला. नोंदीत असे आढळले की, हवामानाचे कमी महत्त्वाचे काम एक सामाईक वस्तू अडवून बसे. मधल्या महत्त्वाची कामे त्यास पुढे सरकू देत नसत. आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबे. मग राखण करणारी योजना संगणक नव्याने सुरू करी. दुरुस्ती लहानशी होती, व ती मंगळावर पाठविण्यात आली. हा दोष वेळेच्या गुंतागुंतीतून जन्मलेला होता. असे दोष थांबवून पाहू गेले तर बहुधा वेळेचा मेळच बदलतो आणि दोष लपून बसतो. म्हणून केव्हा थांबवावे, याइतकेच केव्हा थांबवू नये, हे कळणे ही विद्या आहे.

आता आपल्या घरची एक हकीकत सांगतो. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीवर पदविका झालेली एक मुलगी पुण्याकडील एका कारखान्यात उमेदवारी करीत होती. कारखान्याचे व मुलीचे नाव आम्ही घेत नाही. तिच्या टेबलावर मोटर चालविणारी एक मंडलपट्टी तपासणीस होती, आणि मोटरच्या वेगाचा आकडा मध्येच उडी का मारितो, हे शोधण्याचे काम एजंटास दिलेले होते. मोटर फिरत असतानाच एजंटाने प्रोसेसर थांबविला. मोटरच्या वेटोळ्यांस पाळीपाळीने वीज देणारा प्रोग्रॅम थांबला. परंतु वीज सोडणारा टायमर शेवटच्या आज्ञेप्रमाणे चालूच राहिला. विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर तोडावा, ही दक्षताही प्रोग्रॅममध्येच होती, म्हणून तीही थांबली. एकाच वेटोळ्यातून प्रवाह वाहत राहिला, आणि एजंट वाचलेल्या आकड्यांचा विचार करीत असताना ट्रान्झिस्टर जळून गेले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हाती खुलासा मागणारे पत्र पडले.

मुलीचे वडील आमचे जुने स्नेही. उत्तराचा मसुदा पाहून द्यावा म्हणून ते मुलीस घेऊन आमच्याकडे आले. ती रडकुंडीस आली होती. उमेदवारी संपण्यास एकच महिना उरला होता. आम्ही तिला म्हटले, "बाळ, आधी तीन प्रश्नांची उत्तरे लिही. थांबविण्याची आज्ञा कोणी दिली? तो अधिकार त्यास कोणी दिला होता? आणि वीज जोडलेली असताना थांबवू नये, असे कोठे लिहून ठेविले होते काय?" पहिल्याचे उत्तर नोंदीत वेळेसह होते: एजंटाने. दुसऱ्याचे उत्तर असे की, हत्यारांचा संच दुसऱ्या विभागाने बसविला होता व त्यात सर्व अधिकार मुळापासून मोकळे होते. तिसऱ्याचे उत्तर: कोठेही नाही. मुलीने कोणावर दोष न ठेविता एवढेच लिहिले, नोंद सोबत जोडली, आणि पुढे काय करावे याच्या चार सूचनाही लिहिल्या. वरिष्ठांनी तो खुलासा मान्य केला. ती आज तेथेच कायम आहे, आणि तिच्या सूचना त्या विभागाचे नियम झाल्या आहेत.

या प्रकरणावरून आमचे मत असे बनले की, मुखत्यार नेमावयाचा तर मुखत्यारपत्र लिहून ठेविलेच पाहिजे. आपल्यापैकी कोणी जमिनीच्या व्यवहारास मुखत्यार नेमितो, तेव्हा "सर्व काही कर" असे सांगून कोऱ्या कागदावर सही देत नाही. येथेही कलमे हवीत. पहिले कलम: चालू ठेवून घेतलेली नोंद व प्रोग्रॅमचा मजकूर एजंटाने विनापरवाना वाचावा, परंतु वाचल्याने बदलणारी रजिस्टरे त्यातून वगळावी. दुसरे: शक्तीचा पुरवठा तोडलेला असेल तेथे त्याने खुशाल थांबवावे, मोटर, तापविणारी तार किंवा झडप जोडलेली असेल तेथे प्रत्येक वेळी माणसाची संमती घ्यावी. तिसरे: प्रोग्रॅम किती वेळा भरावा, यास आकड्याची मर्यादा असावी. चौथे: सुरक्षिततेच्या मर्यादा बदलणे, आणि काही प्रोसेसरांत एकदा लावले की कायमचे बसणारे कुलूप लावणे, यांस पूर्ण मनाई असावी. पाचवे: काम संपताच प्रोसेसर पुन्हा चालू केला किंवा नाही, हे त्याने पाहून सांगावे, आणि आपल्या निवेदनात दिसलेले व तर्काने मानलेले यांचे रकाने निरनिराळे ठेवावे.

ही कलमे एजंटास नुसती सांगून भागणार नाही. "याला हात लावू नकोस" असे सांगणे निराळे, आणि ते हत्यार कपाटात बंद ठेवणे निराळे. जेथे चुकीची किंमत मोठी, तेथे हत्यार हातीच देऊ नये, किंवा संमतीवाचून चालणार नाही अशी त्याची रचना असावी. विजेचा प्रवाह तोडणारी दक्षताही प्रोसेसरवर विसंबून न राहता स्वतंत्र मंडलाने राखावी, असे त्या मुलीनेच आपल्या सूचनांत लिहिले होते.

आता शेवटचा प्रश्न. पुष्कळ आईबाप आम्हांस विचारितात, "गुरुजी, हे काम एजंटच करणार असेल तर आमच्या मुलांनी ते का शिकावे?" आमचे उत्तर असे की, संमती देणारा माणूस हवा, आणि ज्यास विषय कळत नाही त्याची संमती म्हणजे न वाचता केलेली सही होय. एजंट "थांबवू काय?" असे विचारील, तेव्हा त्या क्षणी मोटरमध्ये काय चालले आहे, राखण कोण करीत आहे, पलीकडचे यंत्र किती वेळ वाट पाहील, हे ज्याच्या डोळ्यांपुढे उभे राहील तोच "हो" किंवा "नको" म्हणू शकेल. ही दृष्टी व्याख्यानाने येत नाही. स्वतःच्या हाताने दोन तारा जोडून, प्रोसेसर थांबवून, एकेक पाऊल पुढे सरकवून आणि चारदोन वेळा फसूनच ती येते. केवळ कारकुनी पद्धतीने काम उरकणाऱ्यांच्या जागा कमी होतील, हे आम्ही लपवीत नाही. म्हणूनच समजून काम करणाऱ्यांची तयारी आताच झाली पाहिजे.

सबब मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या शिक्षण निधीतून शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्या चालू राहोतच. त्यांच्या जोडीस वसतिगृहातील एका खोलीत पाच टेबले मांडावी. प्रत्येकावर एक साधी मंडलपट्टी, एक डीबग प्रोब आणि एक लहान मोटर ठेवावी. या वस्तू महाग नाहीत, आणि लागणारी साधने फुकट मिळतात. नोकरीस असलेल्या आपल्या तरुणांनी महिन्यातील एक रविवार द्यावा. पहिले तीन महिने विद्यार्थ्यांनी एजंटाचे साहाय्य न घेता दोष शोधावे. चौथ्या महिन्यापासून एजंट घ्यावा, परंतु त्याचे मुखत्यारपत्र आधी स्वहस्ते लिहावे. ज्या मुलीची हकीकत आम्ही सांगितली, तिने पहिला रविवार देण्याचे आनंदाने कबूल केले आहे. हजेरीपट सांभाळण्याचे काम या निवृत्त शिक्षकाकडे द्यावे, एवढीच विनंती.